सात नंबरचं कडं

पुण्याहून येऊन चार दिवस झाले. गिरणीत, शेतात, शेजारी, जो भेटतो तो विचारतो, काय पाहिलं पुण्यात? मी म्हणते, छान आहे, मोठं आहे. मग ती माणसं माझ्या तोंडाकडे बघत राहतात आणि मी पिशवी उचलून चालू लागते. मला माणसांसमोर सलग चार वाक्यं बोलता येत नाहीत. लिहिताना कुणी तोंडाकडे बघत नाही. आमच्या थोरल्या जाऊबाईंनी पुणं पाहिलेलं नाही आणि त्यांचे गुडघे आता पाहू देणारही नाहीत. त्यांना वाचून दाखवावं म्हणून लिहायला घेतलं. दाखवेनच असं नाही.

आधी मी कशाला गेले ते सांगते. आमचं गाव मांजरा नदीच्या काठी, उसाचं आणि सोयाबीनचं. गेल्या हंगामात ऊस तुटून गेला तेव्हा पुण्याहून अश्विनी मॅडम आल्या. त्या मातीचा अभ्यास करतात. पिकाची हिरवी पानं हवेतला कार्बन ओढून घेतात, मुळं नि पालापाचोळा तो मातीत नेतात, आणि माती त्यातला काही पुन्हा हवेत सोडते. किती घेतला आणि किती सोडला, हे त्यांना मोजायचं होतं. आम्ही त्यांना शेताचे दोन तुकडे दिले. एकातलं पाचट, म्हणजे तोडणीनंतर पडलेला उसाचा वाळका पाला, दरवर्षीसारखं पेटवलं. दुसऱ्यातलं तसंच जमिनीवर पसरू दिलं. माझे दीर म्हणाले, उंदीर होतील, दुसरं काय होणार. मॅडम म्हणाल्या, वर्षभर बघू.

मग त्यांनी जाड पाइपाची कापलेली पांढरी कडी जमिनीत ठोकली. एक ते चार नंबर जाळलेल्या तुकड्यात, पाच ते आठ पाचटाच्या. आठवड्यातून दोनदा मी प्रत्येक कड्यावर डबा घट्ट बसवायचा, अर्धा तास थांबायचं, आणि दर दहा मिनिटांनी सिरिंजनं डब्यातली हवा ओढून बोटाएवढ्या काचेच्या बाटलीत भरायची. बाटलीवर कड्याचा नंबर आणि वेळ लिहायची. कड्याच्या आत तण उगवू द्यायचं नाही, खत पडू द्यायचं नाही, डब्यापाशी तोंड नेऊन श्वास सोडायचा नाही. हे काम मलाच का दिलं, तर मला आकडे लिहिता येतात आणि मी गप्प बसते. डब्यापाशी गप्पा मारणारी बाई मॅडमना नको होती. गप्प बसण्याचा मला आयुष्यात झालेला हा पहिला उपयोग.

महिन्याला मॅडम येऊन बाटल्यांची पेटी घेऊन जायच्या. दिवाळीनंतर त्यांचा फोन आला, की या वेळी पेटी घेऊन तुम्हीच या. बाटल्यांचं पुढे काय होतं ते बघा आणि तीन दिवस आमच्याकडे राहा.

हिंजवडी

बसच्या प्रवासातलं सांगण्यासारखं एवढंच, की पेटी मी मांडीवर घेऊन बसले होते. शेजारच्या बाईंनी विचारलं, आत काय आहे. मी म्हणाले, हवा. त्या उतरेपर्यंत पुन्हा काही बोलल्या नाहीत.

मॅडम स्कूटर घेऊन घ्यायला आल्या होत्या. आमच्याकडे त्या टोपी घालून चिखलात बसायच्या, इथे तोंडाला ओढणी बांधलेली, मी ओळखलंच नाही. त्यांचं घर हिंजवडीच्या जुन्या गावठाणात. खाली त्या राहतात, वरच्या मजल्यांवर कंपन्यांत काम करणाऱ्या मुली भाड्यानं. रस्त्यावर कंपन्यांच्या बस एकीमागे एक लागलेल्या, बैल वखर ओढताना जातात त्याहून हळू. आत काचेला डोकी टेकून माणसं झोपलेली. सकाळी सकाळी इतकी माणसं दमलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

मॅडमच्या आईंनी गरम पाणी काढून दिलं, पाठ चोळू का म्हणाल्या. मला लाजच वाटली. जेवायला तांदळाची भाकरी होती, पांढरी, पातळ, मऊ. आमची ज्वारीची भाकरी हातात धरली की धरल्यासारखी वाटते, ही रुमालासारखी मुडपते. वर पुन्हा भात. आमच्याकडे भाकरी झाल्यावर चार घास भात, तोही असला तर. त्यांच्याकडे भाताशिवाय जेवण उरकलं असं कुणी म्हणत नाही.

मॅडमच्या वडिलांना सगळे आबा म्हणतात. जेवण झाल्यावर ते मला गॅलरीत घेऊन गेले आणि बोट दाखवलं.

"ती तिसरी काचंची बिल्डिंग दिसती ना, तिथं आमचा भात असायचा. आंबेमोहोर. फुलोऱ्यात आला की हितपर्यंत वास."

मी मान हलवली.

"आमची पोरगी म्हनती माती श्वास घेती. मग त्या बिल्डिंगीखालची काय करत आसंल? धरूनच बसली आसंल." ते स्वतःच हसले आणि खुर्ची पुढे ओढून मला बसायला लावलं.

प्रयोगशाळा

दुसऱ्या दिवशी मॅडम मला त्यांच्या संस्थेत घेऊन गेल्या. दारात मी सवयीनं चपला काढल्या. एक मुलगी धावत आली, की इथे अनवाणी चालत नाही, चप्पलही चालत नाही, बूटच लागतात. मॅडमनी त्यांचे जादाचे बूट काढून दिले. माझ्या पायात बूट पहिल्यांदाच आले. लुगड्याखाली बूट घालून मी अशी चालत होते, जसा शेतात नवीन जुंपलेला गोऱ्हा.

यंत्र कपाटाएवढं आहे. मॅडमनी माझ्या पेटीतली एक बाटली लावली. यंत्राच्या सुईनं बुचातून आत शिरून हवा ओढली, अगदी मी ओढते तशी, फक्त तिचा हात कापत नाही. थोड्या वेळानं पडद्यावर एक रेघ सरळ चालता चालता एकदम वर चढली आणि खाली उतरली. टेकडीच. मॅडम म्हणाल्या, टेकडी जितकी मोठी तितका त्या हवेत कार्बन जास्त. बाटलीवर माझ्या अक्षरात पाच नंबर आणि सकाळचे दहा वीस लिहिलेलं. त्या वेळी मी डब्याशेजारी बसून एका मुंगळ्याकडे बघत होते, हे मला आठवलं. ती वेळ इथे टेकडी होऊन उभी होती. मला फार बरं वाटलं. कुणाला सांगता आलं असतं तर सांगितलं असतं.

मग मॅडमचे सर आले. वयस्कर, बारीक, पांढरा शर्ट. त्यांनी मला नमस्कार केला, आपण बसा म्हणाले आणि मोठा कागद टेबलावर पसरला. त्यावर आठ रेघा, वर्षभराच्या. सात रेघा एकमेकींना धरून चालल्या होत्या. एक मात्र सगळ्यांच्या डोक्यावरून.

"हे सात नंबर आपलं लाडकं दिसतंय," सर म्हणाले.

सर रागावले नव्हते, पण पुढचं त्यांनी मॅडमना सांगितलं, मी तिथे नसल्यासारखं. एकाच तुकड्यात, एकाच मातीत, एक कडं बाकीच्यांच्या दुप्पट हवा सोडतं, याचा अर्थ बहुधा एकच, की बाटल्यांचे नंबर चुकले आहेत. आणि इथे चुकले असतील तर बाकीचे बरोबर आहेत कशावरून? सोमवारी मॅडमच्या कामाची तपासणी होती. तीन बाहेरचे साहेब येणार होते. सर म्हणाले, हे असं दाखवण्यापेक्षा वर्षभराच्या आकड्यांची वही बाजूला ठेवून पुन्हा एक वर्ष मोजलेलं बरं.

मॅडम हो म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण कागदाची गुंडाळी करताना त्यांच्याकडून ती दोनदा सुटली. येताना त्यांनी मला सगळं सांगितलं. मार्चमध्ये त्यांची शिष्यवृत्ती संपते. पुढचं वर्ष नाही मिळालं तर घरचे म्हणतात तशी एखाद्या कंपनीत नोकरी धरावी लागेल, आबांच्या भाताच्या जागेवरच्या बिल्डिंगीत जागा आहेतच. हे सांगताना त्या हसल्या. आणि पाचटाच्या तुकड्याचं काय, असं मी विचारलं नाही तरी त्यांनी सांगितलं. सात नंबरमुळे तो तुकडा उगाच वाईट दिसत होता. लोक म्हणतील, बघा, पाला ठेवला तर जमीन जास्त कार्बन सोडते, जाळलेलंच बरं.

मी नंबर चुकवले नव्हते. दर वेळी नंबर आधी लिहून मग हवा भरायची, हे मी शेवटपर्यंत मोडलं नाही. पण सरांपुढे हे एवढंसं वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही.

संध्याकाळी जेवायला बसलो. आबांनी ताटातला पहिला घास मोडला, उठले, आणि गॅलरीतल्या तुळशीच्या कुंडीत ठेवून आले. आई म्हणाल्या, रोजचंच आहे यांचं, कुंडीत मुंग्या होतात.

"जमीन न्हाय तर कुंडी," आबा म्हणाले. "घास कुनाला तरी द्यावा लागतो."

माझ्या हातातली भाकरी हातातच राहिली.

आमच्याकडे शेतात जेवायला बसलं की पहिला घास जमिनीला देतात. माझ्या सासूबाई द्यायच्या, त्यांच्या सासूबाई द्यायच्या. जिनं पिकवलं तिनं आधी खावं. मी बाभळीखाली जेवायला बसते, आणि बाभळीच्या सगळ्यांत जवळ सात नंबरचं कडं आहे. सगळीकडे उसाचे हिरवे कोंब फुटलेले, आणि कड्याच्या आत मी काही उगवू देत नव्हते. तेवढीच ताटलीएवढी जमीन रिकामी. मला तिच्याकडे बघून जेवण जाईना. म्हणून भाकरीचा घास मी तिथे द्यायला लागले. मुंग्यांनी ओढून नेऊ नये म्हणून बोटानं जरा मातीत दाबायचा, वर थोडं ताक. रोज. मॅडम यायच्या त्या दिवशी त्यांच्यासमोर करायला लाज वाटायची, त्या दिवशी नाही. त्यामुळे त्यांनी कधी पाहिलंच नाही. आणि त्यांनी दिलेल्या सूचनांत तण होतं, खत होतं, श्वास होता. भाकरीचं कुणी बोललं नव्हतं.

आई म्हणाल्या, भाकरी आवडली नाही का? मी म्हणाले, आवडली.

सदाशिव पेठ

तिसऱ्या दिवशी मॅडम मला सदाशिव पेठेत चष्म्याच्या दुकानात घेऊन गेल्या. बाटलीवरचे नंबर वाचताना मी हात लांब करते, हे त्यांनी प्रयोगशाळेत बघितलं होतं. मी नको नको म्हणत होते. बोळ अरुंद, दोन्ही बाजूंना स्कूटर, क्लासच्या पाट्या, पाठीवर पिशव्या घेतलेली मुलं. दुकानदार म्हातारे होते. त्यांनी मला खुर्चीत बसवून भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. मी वाचली. पुन्हा सांगितली. पुन्हा वाचली.

"बाई, मी डोळे तपासतो," ते म्हणाले. "इतकं हळू वाचलंत तर मला माझे कान तपासून घ्यावे लागतील."

मॅडम तोंडावर हात ठेवून हसल्या. मग मी मोठ्यानं वाचली, म्हणजे दुकानातल्या चौघांना ऐकू गेली असतील. जवळचा नंबर निघाला. चष्मा तासाभरात मिळणार होता, म्हणून आम्ही जवळच्या खानावळीत जाऊन बसलो.

आमटी गोड होती. इथे तिच्यात गूळ घालतात. मी ती तिखट मिरचीच्या शोधात पोळीबरोबर संपवत होते, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "मावशी, आज सरांना सांगते मी, की तुम्हाला चष्मा लागलाय. नंबर चुकले असतील तर त्यामुळे. ते सगळंच पुन्हा करायला लावतील, लावू देत. तुमचा काही दोष नाही. आधीच तुमचे डोळे तपासायला हवे होते, ते माझ्याकडून राहिलं."

मला रात्रभर वाटत होतं की त्या रागावतील. रागावल्या असत्या तर मी बहुधा गप्पच राहिले असते आणि चष्मा घालून गावाला आले असते. पण त्यांनी दोष स्वतःकडे ओढून घेतला, आणि तो घेऊन पोळीचा पुढचा तुकडा मोडला. ते मला बघवेना.

"मॅडम," मी म्हणाले, "नंबर चुकले न्हाईत. सात नंबरला मी जेवू घालत होते."

त्यांना समजलं नाही. मग मी सगळं सांगितलं, घास, सासूबाई, रिकामी ताटलीएवढी जमीन. ताटाकडे बघून सांगितलं. वर बघितलं तर मॅडमचे डोळे भरलेले, आणि त्या हसत होत्या, आधी आवाज न करता आणि मग इतक्या जोरात की वाढणारे गृहस्थ भांडं घेऊन तिथेच थांबले. म्हणाले, "आमटीत काही विनोदी पडलं असेल तर सांगा, बदलून देतो."

दुपारी मला सरांपुढे तेच पुन्हा सांगावं लागलं. मॅडम म्हणाल्या, मी सांगते, पण सर म्हणाले, ज्यांनी केलं त्यांनी सांगावं. नवा चष्मा लावून मी उभी राहिले. सरांचा चेहरा इतका स्वच्छ दिसायला लागला की पहिलं वाक्य विसरले. चष्मा काढला, मग जमलं.

सरांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. मग पेन्सिल घेतली. घास केवढा? मी अंगठा आणि बोट जोडून दाखवलं. रोज? रोज. किती दिवसांपासून? उसाला पहिलं पाणी दिलं तेव्हापासून. ताकाचं सांगायचं होतं, पण ते पुढच्या प्रश्नावर गेले आणि मधे बोलायला माझी जीभ वळली नाही. सरांनी मोठा कागद उलगडला, सात नंबरच्या रेघेवरून पेन्सिल नेत नेत एका जागी थांबले. तिथे ती रेघ खाली आली होती, बाकीच्यांच्या रांगेत, आणि पुढे पुन्हा वर.

"इथे काय झालं? या आठ-दहा दिवसांत?"

मी खाली लिहिलेली तारीख बघितली.

"नवरात्र होतं, सर. माझा उपास असतो. भाकरी नेली नव्हती."

"मग घास नाही."

"उपासाचं काय देणार तिला? भगर नव्हती द्यावीशी वाटली."

सर खुर्चीत मागे टेकले. मग म्हणाले, "अश्विनी, बाटल्या बरोबर आहेत. एकूण एक बरोबर आहेत. नऊ दिवस भाकरी बंद झाल्याचंसुद्धा यांनी पकडलंय. आपण इतक्या सूचना दिल्या, जेवू घालू नये एवढी एकच द्यायची राहिली."

त्यांनी वही मागितली आणि सात नंबरच्या ओळी तांबड्या पेन्सिलीनं एकेक करून खोडल्या. पान उलटून पुढच्या. प्रत्येक ओळीत माझा एक अर्धा तास होता, उन्हातला नाहीतर थंडीतला. मी बघत होते. बाकीची कडी मात्र तशीच राहिली. पाच, सहा आणि आठ. मॅडमनी ती घेऊन पुन्हा हिशेब मांडला. पाचटाचा तुकडा जाळलेल्यापेक्षा थोडी जास्त हवा सोडत होता, पण जाळलेल्या तुकड्यानं एका दुपारी जे धूर करून सोडलं ते माझ्या डब्यात आलंच नव्हतं. ते धरलं की पाचटाच्या तुकड्यानं जास्त सांभाळून ठेवलं होतं. सर म्हणाले, एका वर्षावर उड्या मारू नका. पण सोमवारी हे दाखवा.

निघताना मला एक विचारायचं होतं. दारापर्यंत गेले, परत आले. माझ्या पायांत बूट असल्यामुळे माझं येणं सगळ्यांना ऐकू गेलं, मग विचारावंच लागलं.

"सर, मग ती भाकरी वाया गेली का?"

सरांनी थट्टा केली नाही. मला बसायला सांगितलं. म्हणाले, मातीत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, भाकरी त्यांनी खाल्ली. आपण खाऊन श्वास सोडतो तसा त्यांनी सोडला, तोच आपल्या बाटलीत आला. बरीचशी अशी हवेत गेली.

"सगळी?"

"सगळी नाही. थोडी त्यांच्या अंगी लागली असणार. ते जीव मरतात, मातीत मिसळतात. तेवढी राहिली."

"किती?"

"ते या कागदावर नाही," सर म्हणाले. "पण राहिली."

परतीच्या दिवशी आबा बसपर्यंत आले. त्यांनी इंद्रायणी तांदळाची पिशवी हातात दिली, विकतचा हाय म्हणाले, आणि मान वळवून रस्त्याकडे बघत उभे राहिले.

गावी येऊन मी सात नंबरचं कडं उपटलं. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे ते चार हात पलीकडे नव्या जागी ठोकलं. घास आता बांधाच्या बाहेर देते. दिरांनी विचारलं, पाचटाचं काय निघालं? मी म्हणाले, ठेवायचं. एवढंच म्हणाले, पण तुटलेल्या उसाच्या पाचटाला त्यांनी या वर्षी काडी ओढलेली नाही.

काल सोमवार होता. दुपारी मॅडमचा फोन आला. तपासणी झाली, काम मंजूर झालं. शिष्यवृत्तीला पुढचं वर्ष मिळणार आहे. बाहेरच्या साहेबांनी विचारलं की सात नंबर का खोडला, तेव्हा मॅडमनी खरं ते सांगितलं. त्यांच्यातल्या सगळ्यांत मोठ्या साहेबांनी विचारलं, भाकरी कशाची होती?

"मी ज्वारीची सांगितली," मॅडम म्हणाल्या. "त्यांनी ते लिहून घेतलं. आता सगळं नीट कागदावर आणायचंय. ज्वारीचीच ना मावशी?"

मी हो म्हणाले. एरवी मी इथे फोन ठेवला असता. पण त्या लिहून घेणार होत्या, आणि अर्धवट लिहिलं गेलं असतं.

"मॅडम," मी म्हणाले, "ताक पण होतं."

फोनवर कागद ओढल्याचा आवाज आला.

"किती?"

"दोन चमचे," मी म्हणाले. "उन्हाळ्यात तीन."